डोंगरी सायकलच्या चिमट्यातील तेलगळती

सायकलच्या पुढच्या चाकाला दोन्ही अंगांनी धरून ठेवणारा जो भाग असतो, त्याला आपल्याकडील सायकल दुरुस्तीच्या दुकानांतून ‘चिमटा’ असे म्हणतात. साध्या सायकलचा चिमटा म्हणजे दोन वाकविलेल्या नळ्या. त्यात हलणारे असे काही नसते आणि म्हणून बिघडणारेही फारसे नसते. डोंगरवाटांवर चालविण्याच्या सायकलची गोष्ट वेगळी. तिचा चिमटा दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा केलेला असतो. त्याच्या पोटात स्प्रिंग असते आणि तेल असते. हे तेल बाहेर दिसू लागले म्हणजे मालक सायकल घेऊन दुकानात जातो, दुकानदार ‘सील गेले’ असे सांगतो, नवे सील बसवितो, आणि महिना-दोन महिन्यांत तेल पुन्हा बाहेर येते. असे का होते, आणि ते होऊ नये म्हणून काय करावयास हवे, हे प्रस्तुत पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

हा चिमटा सायकलीकडे आला तो मोटारसायकलीकडून. जर्मनीतील बीएमडब्ल्यू कारखान्याने १९३५ साली आपल्या आर-१२ या मोटारसायकलीस तेलाने धक्के शमविणारा नळीदार चिमटा बसविला. सायकलीच्या वाट्यास तो येण्यास आणखी अर्धे शतक लागले. कॅलिफोर्नियातील मरिन परगण्याच्या टेकड्यांवरून जुन्या जाड टायरच्या सायकली खाली सोडण्याचा नाद तेथील तरुणांना १९७०च्या दशकात लागला आणि त्यातून डोंगरी सायकल जन्मली; परंतु तिचा चिमटा ताठच राहिला. पॉल टर्नर याने रॉकशॉक्स या नावाने हवा आणि तेल यांवर चालणारा चिमटा १९८९-९०च्या सुमारास बाजारात आणला. १९९० साली कोलोरॅडोतील डुरँगो येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्डने उताराची शर्यत याच चिमट्यावर जिंकली, आणि मग कोणी शंका काढली नाही. पुढे मोटारसायकलींचे चिमटे बनविणाऱ्या मार्झोकी या इटालियन कारखान्याने १९९७ सालच्या हंगामासाठी ‘बॉम्बर झेड-१’ हा नारिंगी रंगाचा चिमटा काढला. त्याच्या पायांत तेल मोकळे भरलेले असे. त्या घराण्यातील चिमटे अजूनही जगभर वापरात आहेत. मात्र मार्झोकीचा सायकल-व्यवसाय २०१५ साली फॉक्स या अमेरिकन कंपनीकडे गेला, आणि जुन्या चिमट्यांचे सुटे भाग मिळविणे हे एक स्वतंत्र काम होऊन बसले. या पुस्तिकेतील विवेचन मुख्यतः अशा मोकळ्या तेलाच्या जुन्या चिमट्यास धरून केले आहे.

चिमट्याचे पोट

वरच्या दोन नळ्या गुळगुळीत, चकाकणाऱ्या असतात व माथ्याच्या एका दांड्यात घट्ट बसविलेल्या असतात. खालचे दोन पाय बहुधा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे, एकसंध ओतलेले असतात आणि त्यांच्या टोकांशी चाकाचा आस बसतो. वरच्या नळ्या या पायांत सरकतात. धातूवर धातू घासू नये म्हणून प्रत्येक पायात वर एक व खाली एक असे दोन बुश असतात. पायाच्या तोंडाशी, वरच्या बुशच्या वर, तेल अडविणारे सील बसते. त्यावर तारेची एक कडी. आणि सर्वांत वर धूळ पुसून काढणारे दुसरे पातळ सील. पायाच्या तळाशी एक नट वा बोल्ट असतो. तो आतील दट्ट्याच्या दांड्याला पायाशी बांधून ठेवतो. त्याच्याभोवती एक लहानशी रबरी कडी किंवा दबून बसणारा वॉशर असतो. तेलाला बाहेर पडण्याचे मार्ग हेच: वरचे तोंड किंवा तळाचे भोक. माथ्यावरील झाकणातून गळती क्वचितच होते.

आत तेलाची कामे दोन आहेत. एक तर ते वंगण आहे. परंतु त्याचे खरे काम स्प्रिंगला आवरण्याचे. स्प्रिंग दबताना जी ऊर्जा साठविते ती तितक्याच उत्साहाने परत करते; तिला कोणी आवरले नाही तर खड्ड्यामागून सायकलचे तोंड उड्या मारीत राहील. दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून तेल बळेच दाबले जाते, त्याच्या दाटपणामुळे विरोध उत्पन्न होतो आणि त्या ऊर्जेची उष्णता बनून ती विरून जाते. तेल कमी झाले की दट्ट्या तेलाऐवजी हवेचा फेस चाळू लागतो, आणि तीव्र उतारावर चाकाची जमिनीवरील पकड सुटू लागते.

दुसरा धोका याहून जवळचा आहे. पायावरून ओघळलेले तेल खाली येते ते ब्रेकजवळ. चकतीच्या ब्रेकवर किंवा चाकाच्या कडेवर तेलाचा पातळ थर बसला तर ब्रेक दाबूनही सायकल थांबत नाही. ब्रेकच्या गुटक्यांत मुरलेले तेल पुसून जात नाही. असे गुटके टाकून देणे हेच शहाणपणाचे. चकती मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा वापरता येते. गळती दिसल्यावर ‘पुढच्या रविवारी पाहू’ असे म्हणून घाट उतरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

(सील, बुश, वॉशर या शब्दांना मराठी पर्याय घडविण्याचा मोह येथे आवरला आहे. बाजारात जाऊन ‘तैलरोधक कडे’ मागितले तर दुकानदार ग्राहकाच्या तोंडाकडे पाहत राहील.)

ओल आणि गळती

प्रत्येक ओल म्हणजे गळती नव्हे. सीलची ओठासारखी कड नळीवर दाबून बसलेली असते. पुष्कळ सीलांत त्या ओठाभोवती बारीक तारेची गोल स्प्रिंग असते, ती तो दाब कायम ठेवते. तथापि ओठ आणि नळी यांच्यामध्ये तेलाचा अत्यंत पातळ पापुद्रा राहिलाच पाहिजे. तो नसेल तर रबर कोरड्या नळीवर चिकटेल, अडखळेल आणि लवकर झिजेल. म्हणून फेरफटका करून आल्यावर वरच्या नळीवर धुळीची एक ओलसर कडी दिसली तर काळजीचे कारण नाही. बोट फिरविल्यावर थेंब जमत असेल, किंवा पायाच्या बाहेरच्या अंगावर ओघळ उतरला असेल, तरच ती गळती समजावी.

तेल कोठून येते?

दुरुस्तीतील बहुतेक चुका याच प्रश्नाला घाईने उत्तर दिल्यामुळे होतात. वरून ओघळलेले तेल पायाच्या मागच्या अंगाने खाली जाऊन तळाच्या नटाशी थबकते, आणि पाहणाऱ्यास वाटते की तळ गळतो. उलट सायकल उलटी करून ठेवली असेल तर दोष वेगळाच भासतो. म्हणून प्रथम दोन्ही पाय वरपासून खालपर्यंत स्वच्छ पुसून कोरडे करावेत. मग वरच्या सीलखाली पायाभोवती टिपकागदाची एक पट्टी बांधावी, तशीच दुसरी तळाच्या नटाच्या जरा वर बांधावी, आणि नटावर खडूची पूड किंवा पांढरी पावडर भुरभुरावी. नंतर पुढचा ब्रेक धरून चिमटा पन्नासएक वेळा दाबावा आणि सायकल रात्रभर उभी ठेवावी. सकाळी वरची पट्टी भिजली असेल तर दोष तोंडाशी. दोन्ही पट्ट्या कोरड्या आणि पूड काळवंडलेली असेल तर दोष तळाशी. तळाचा दोष असेल तर नशीब चांगले. दोन रबरी कड्या किंवा दोन वॉशर बदलले की काम झाले.

दोष तोंडाशी असला तरीही सील दोषी आहे असे अजून सिद्ध झालेले नाही. त्याच्यापुढे चार संशयित उभे आहेत.

पहिली धूळ. धूळ-सीलच्या आत शिरलेला वाळूचा कण तेल-सीलच्या ओठाखाली अडकला तर तो ओठ तेवढ्या जागी उचलला जातो. अशा वेळी धूळ-सील अलगद वर सरकवून आतील भाग स्वच्छ करावा आणि थोडे ताजे तेल सोडावे. कित्येकदा गळती एवढ्यानेच थांबते. पैसे खर्चण्यापूर्वी हा उपाय करून पाहावा.

दुसरा संशयित म्हणजे नळीवरील ओरखडा. नळी पुसून तिच्यावरून नखाचे टोक हलकेच वरखाली व आडवे फिरवावे. डोळ्यांना न दिसणारा खड्डा नखाला कळतो. सायकल गाडीवर बांधून नेताना, किंवा दगडावर आपटल्याने, एखादी चीर पडलेली असते. तिची उंचावलेली कड दर फेरीस ओठाला कापते. येथे नवे सील बसविणे म्हणजे नवे सील फाडणे. चीर लहान असल्यास २००० नंबरचा पॉलिश कागद तेलात भिजवून फक्त उंचावलेली कड घासून सपाट करावी. राहिलेला खड्डा नखे रंगविण्याच्या रोगणाच्या एका थेंबाने किंवा इपॉक्सीने भरून, वाळल्यावर पुन्हा सपाट करावा. हा उपाय ओबडधोबड वाटेल, पण तो टिकतो. मात्र नळीवरील कठीण थरच घासून गेला असेल आणि खालचा धातू मोठ्या पट्ट्यात उघडा पडला असेल तर या खटपटीस अर्थ नाही.

तिसरा संशयित बुश, आणि आमच्या मते जुन्या चिमट्यांत सर्वाधिक वेळा सुटून जाणारा अपराधी हाच. बुश झिजले की नळी पायात डुलू लागते. ती एका बाजूस कलली की दुसऱ्या बाजूस ओठ आणि नळी यांत फट पडते. सील कितीही नवे असो, ते त्या फटीला पुरे पडत नाही. परीक्षा सोपी आहे. पुढचा ब्रेक दाबून धरावा, दुसऱ्या हाताची बोटे नळी आणि पाय यांच्या सांध्यावर ठेवावीत आणि सायकल मागेपुढे हलवावी. बोटांखाली ‘टक्’ असा धक्का जाणवला तर बुश सैल आहेत. (हँडलच्या खालील बेअरिंग सैल असले तरी असाच आवाज येतो, म्हणून बोटे सांध्यावरच हवीत.) परिचयातील एका सायकलस्वाराने एकाच पावसाळ्यानंतर तीन वेळा सील बदलून घेतले होते, ही परीक्षा कोणी अर्धा मिनिटही केली नव्हती. बुश बदलण्यास योग्य मापाची खास अवजारे लागतात आणि पायाला चीर पाडण्याचा धोका असतो. बुश पार झिजलेले असतील आणि ते मिळत नसतील तर तो चिमटा निवृत्त करावा, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

चौथा संशयित स्वतः मालकच असू शकतो, कारण त्याने तेल अधिक भरलेले असते. चिमट्यात तेलाच्या वर हवा कोंडलेली असते. समजा, चिमटा मोकळा असताना या हवेच्या स्तंभाची उंची १५० मिलिमीटर आहे आणि तो पूर्ण दबल्यावर ५० मिलिमीटर उरते. बॉइलच्या नियमाप्रमाणे आतील दाब तिप्पट होईल. आता तेलाची पातळी फक्त २० मिलिमीटरने वाढवा. स्तंभ १३० वरून ३० वर येईल आणि दाब सव्वाचार पटींहून अधिक चढेल. हा सारा दाब सीलच्या ओठावर येतो. ‘थोडे जास्तच भरू’ ही उदारता येथे अंगाशी येते. उंचीचाही थोडा परिणाम आहे. मुंबईत बंद केलेला चिमटा मनालीस, म्हणजे सुमारे २,००० मीटर उंचीवर नेला, तर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या चार-पंचमांशच राहतो आणि आतील हवा बाहेर रेटू लागते. चांगले सील हे सहज सोसते. म्हाताऱ्या सीलला तेवढे निमित्त पुरते. ज्या चिमट्यांच्या माथ्यावर हवा सोडण्याचा स्क्रू असतो त्यांच्या मालकांनी वर पोचल्यावर तो क्षणभर सैल करून पुन्हा आवळावा.

या चौघांची निर्दोष सुटका झाली म्हणजे मग सीलवर आरोप ठेवावा. आणि तो जुन्या चिमट्यात बहुधा खराही असतो. कारण ही सीले सामान्यतः नायट्राइल रबराची असतात, आणि हे रबर वर्षांनुवर्षे हवेतील प्राणवायू व ओझोन यांच्या संपर्काने कडक होते, त्याचा लवचिकपणा जातो.

उघडण्यापूर्वी

चिमट्यात हवेची स्प्रिंग असेल तर प्रथम सर्व हवा सोडावी. दाब असताना झाकण उघडल्यास ते गोळीसारखे सुटते. धातूची स्प्रिंग असेल तर तिचा ताण कमी करण्याची कळ शेवटपर्यंत सैल करावी, आणि झाकण उघडताना तोंड त्याच्या वर नेऊ नये.

स्प्रिंगा काढून चिमटा मोजपात्रावर उपडा करावा आणि नळ्या वरखाली करून तेल पूर्ण निथळू द्यावे. हे तेल फेकून देण्याची घाई करू नये; ते बरेच काही सांगते. दुधाळ असेल तर आत पाणी शिरले आहे. राखाडी असून त्यात बारीक चकाकी असेल तर धातू झिजतो आहे, बुश पुन्हा तपासावेत. दोन्ही पायांतून निघालेले तेल वेगवेगळे मोजावे. ज्या पायात कमी भरले तो गळका. नंतरच्या काळातील अनेक चिमट्यांत मात्र दट्ट्याचे तेल वेगळ्या बंद नळीत असते आणि पायात केवळ वंगणापुरते, साधारण १५ मिलिलिटरच्या आसपास तेल घालतात. अशा पायातून ६० मिलिलिटर निघाले, तर बाहेरचे सील निरपराध आहे. आतील बंद नळीचे सील फुटून तिचे तेल पायात उतरले आहे आणि जागा न उरल्याने ते बाहेर येत आहे. वरचे सील बदलून हा रोग कधीच बरा होणार नाही.

तळाचा नट थोडे फेर सैल करून, तो आट्यांवर असतानाच, रबरी हातोडीने हलकेच ठोकावा. दांडा सुटतो आणि आटे वाचतात. मग नट काढून पाय खाली ओढून घ्यावेत.

नवे सील

तारेची कडी काढल्यावर जुने सील रुंद, बोथट पट्टीने उचलावे. पट्टीखाली लाकडाचा तुकडा वा जाड कापडाची घडी ठेवावी. मॅग्नेशियम मऊ असते आणि टेकूचा व्रण कायमचा उठतो. एका जागी जोर न करता फिरत फिरत उचलावे. घर स्वच्छ पुसून, कोरडे करून, बोटाने चाचपावे.

नव्या सीलवर सहसा तीन आकडे छापलेले असतात: आतील व्यास, बाहेरील व्यास आणि उंची, सर्व मिलिमीटरमध्ये. जुन्या चिमट्याचे मूळ सील मिळत नसेल तर या आकड्यांवरून औद्योगिक सीलांच्या दुकानात किंवा मोटारसायकलींच्या सुट्या भागांत शोध घेता येतो. येथे एक सावधगिरी बाळगावी. फिरणाऱ्या दांड्यासाठी केलेले सील आणि मागेपुढे सरकणाऱ्या नळीसाठी केलेले सील दिसावयास सारखीच असतात, परंतु त्यांच्या ओठांची घडण निराळी असते. पहिल्या प्रकारचे सील चिमट्यात बसते, पण टिकत नाही. दुकानदारास ‘मोटारसायकलच्या फोर्कचे’ असे स्पष्ट सांगावे.

सीलची जी बाजू पोकळ असून आत स्प्रिंग दिसते ती तेलाकडे, म्हणजे खाली असावी. बाहेरून व ओठावर ताजे तेल लावावे. सील वाकडे जाऊ नये म्हणून ते ठोकण्यासाठी बाहेरील व्यासाशी जुळणारा प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा, किंवा काढलेले जुने सीलच पालथे घालून, वापरावे. पूर्ण बसल्यावर आवाज बदलतो. मग तारेची कडी तिच्या खाचेत नीट बसल्याची खात्री करावी. वरच्या नळ्या आत घालताना ओठ दुमडणार नाही इतक्या सावकाशीने, किंचित फिरवीत घालाव्यात. फोमची कडी असल्यास ती तेलात बुडवून बसवावी. तळाची रबरी कडी वा वॉशर नवेच घ्यावेत आणि नट निर्मात्याने दिलेल्या आकड्याइतकाच, सहसा ७ ते १० न्यूटन-मीटरच्या दरम्यान, आवळावा.

तेल

चिमट्याच्या तेलावर ५, ७.५, १० असे आकडे असतात. लोक त्यांना दाटपणाचे निश्चित माप समजतात. ते तसे नाही. एका कारखान्याचे ७.५ दुसऱ्याच्या ५ इतके पातळ असू शकते. खरे माप म्हणजे ४० अंश सेल्सियसला सेंटिस्टोकमध्ये दिलेली श्यानता. तो आकडा डब्यावर किंवा निर्मात्याच्या माहितीपत्रकात असतो. जुन्या तेलाशी तोच जुळवावा. ब्रेकचे तेल चिमट्यात कधीही घालू नये. मोटारगाड्यांचे सर्वसाधारण ब्रेक-तेल ग्लायकॉलवर आधारलेले असते व नायट्राइल रबराला फुगविते.

तेल ओतून झाल्यावर नळ्या दहा-बारा वेळा सावकाश वरखाली कराव्यात, म्हणजे दट्ट्यात अडकलेली हवा निघून जाते. काही मिनिटे थांबून, स्प्रिंग बाहेर ठेवून आणि चिमटा पूर्ण दाबून, नळीच्या कडेपासून तेलाच्या पृष्ठापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. काही चिमट्यांत दोन पायांसाठी हे अंतर निरनिराळे सांगितलेले असते. पातळी जुळल्यावर स्प्रिंगा घालून झाकणे लावावीत.

शेवटी दोन्ही पाय पुसून टिपकागदाच्या पट्ट्या पुन्हा बांधाव्यात. पहिल्या फेरफटक्यानंतर नळीवर थोडे तेल दिसेल. ते जुळणीच्या वेळी लावलेले तेल असते, ते पुसून टाकावे. दुसऱ्या व तिसऱ्या फेरफटक्यानंतर पट्ट्या पाहाव्यात. त्या कोरड्या असतील तर ब्रेकला नवे गुटके बसवून सायकल घाटास नेण्यास हरकत नाही. काढलेले तेल मोरीत न ओतता बाटलीत भरून, जळके तेल गोळा करणाऱ्या मोटारदुरुस्तीच्या दुकानात द्यावे.